हेरिटेज रेल्वेवर शंटिंगचं स्वयंसेवी काम: ०८ इंजिन, कपलिंग, व्हॅक्यूम वगैरे

वुल्व्हरहॅम्प्टनकर
सेव्हर्न व्हॅली या हेरिटेज (जुनी इंजिनं आणि मार्ग जपून चालवणाऱ्या) रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायचा विचार आहे. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ हा १६ मैलांचा मार्ग घरापासून जवळ पडतो. वाफेच्या इंजिनावर चढायला रांग मोठी असते असं ऐकलं. मला शंटिंगमध्ये (यार्डात डबे-इंजिनं हलवणं, जोडणं, सोडणं) रस आहे, त्यातही ०८ वर्गाच्या डिझेल शंटरमध्ये, म्हणजे त्या कामाच्या इंजिनात. जाणकारांनी सांगावं: प्रवेश कसा मिळतो, शंटरचं काम करणारा माणूस नेमकं काय करतो आणि काय चुकतं? इंग्लंडमधल्या दुसऱ्या हेरिटेज मार्गांचे अनुभवीही चालतील.

रूळकरी
क्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच आहे. आधी सभासदत्व, मग अर्ज, वैद्यकीय तपासणी (नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं) आणि रुळांजवळ सुरक्षित वावरण्याचं पीटीएस प्रशिक्षण. त्यानंतर नियमपुस्तिकेची परीक्षा. मग अनुभवी शंटरच्या हाताखाली पाळ्या करायच्या, प्रत्येक पाळीची नोंद वहीत ठेवायची आणि शेवटी यार्डातच प्रात्यक्षिक. पास झालात तरी ते प्रमाणपत्र त्या रेल्वेपुरतं आणि ठरावीक मुदतीचं. दुसऱ्या रेल्वेवर गेलात की तिथलं यार्ड नव्याने शिकायचं.

'स्वयंसेवक आहे, चालून जाईल' हा समज दारातच सोडा. पगार नसला तरी कायदा तोच. २००६ च्या रॉग्ज या रेल्वे सुरक्षेच्या नियमावलीत शंटिंग हे सुरक्षेच्या दृष्टीने निर्णायक काम धरलं आहे. त्यामुळे तुमची क्षमता आणि थकवा या दोन्हींवर लक्ष ठेवणं रेल्वे चालवणाऱ्या संस्थेला बंधनकारक आहे. ऑफिस ऑफ रेल अँड रोड या सरकारी नियामकाचे निरीक्षक येऊन तपासतात. दारू पिऊन कामावर येणं हा १९९२ च्या ट्रान्सपोर्ट अँड वर्क्स कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे, हेरिटेज असो वा नसो. आदल्या रात्रीची दारूही सकाळी सहाच्या पाळीला मोजली जाते.

चाकजोडी
०८ बद्दल थोडं. १९५२ ते १९६२ या काळात डर्बी, क्रू, डार्लिंग्टन, डॉनकास्टर आणि हॉरविच या कारखान्यांत मिळून ९९६ इंजिनं बनली. इंग्लिश इलेक्ट्रिकचं सहा सिलिंडरचं ६केटी इंजिन, १० इंच व्यास, १२ इंच स्ट्रोक. ते मुख्य जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर पुढच्या व मागच्या आसावरच्या दोन मोटारी चालतात. मधल्या आसाला मोटार नाही, त्याला कपलिंग रॉड (चाकं एकमेकांना जोडणारे दांडे) फिरवतात. वजन ४९ टनांच्या आसपास, चाक ४ फूट ६ इंच, टाकीत ६६८ गॅलन डिझेल. कर्षणबल (ओढायची ताकद) ३५,००० पौंड, पण वेग फक्त ताशी १५ मैल.

सकाळची तयारी: हँडब्रेक लागलेला आहे याची खात्री आधी. मग इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या (संप) तेलाची पातळी, पाण्याच्या हेडर टाकीची पातळी, कपलिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल, वाळूच्या पेट्या (वाळू कोरडी हवी, दमट वाळू नळीतच बसते), ब्रेकच्या ठोकळ्यांची जाडी. हवेच्या टाक्यांतलं पाणी काढायचं. मग बॅटरीचा स्विच. इथे वेगळा स्टार्टर नाही. बॅटरी मुख्य जनरेटरलाच मोटारीसारखं फिरवते आणि इंजिन सुरू होतं. त्यामुळे बॅटरी अर्धवट उतरलेली असेल तर इंजिन दोनतीनदा घरघरून थांबतं. अशा वेळी बटण दाबत राहू नका, उरलीसुरली बॅटरीही जाते. चार्जर लावा.

बरेच आठवडे बंद असलेलं इंजिन थेट बटण दाबून सुरू करणं हा महागडा आळस आहे. सिलिंडरमध्ये पाणी झिरपलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी सिलिंडरचे कॉक उघडून इंजिन हाताने फिरवून घेतात. कॉकमधून पाणी आलं तर त्या दिवशी ते इंजिन विसरा.

वुल्व्हरहॅम्प्टनकर
१५ मैलांचीच मर्यादा का? इंजिन तर दणकट दिसतं.

चाकजोडी
गिअरमुळे. मोटार आणि आस यांच्यात दोन टप्प्यांचा गिअर आहे, गुणोत्तर २३.९ ला १. चाकाचा परीघ साधारण १४.१ फूट. १५ मैलांच्या वेगाला चाक मिनिटाला ९३ फेरे घेतं, म्हणजे मोटार २,२०० च्या वर. आता हेच इंजिन कुणी बंद अवस्थेत मालगाडीला जोडून ४५ मैलांनी ओढलं तर मोटार ६,७०० फेऱ्यांच्या आसपास जाईल. आर्मेचरवरचे (मोटारीच्या फिरत्या भागावरचे) बांधलेले पट्टे तुटून तारा बाहेर येतात आणि मोटार भंगारात जाते. एका हेरिटेज रेल्वेवरून दुसरीकडे ०८ ट्रेलरवर लादून रस्त्याने नेलेलं दिसतं, त्यामागे हे मोठं कारण. ०९ वर्ग म्हणजे हेच इंजिन, गिअर १८.७ ला १, वेग २७.५ मैल, आणि अर्थातच ओढ कमी.

आणखी एक: डबे हलत नसताना पॉवर देऊन धरून ठेवू नका. मोटार स्थिर असताना कम्युटेटरच्या (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) त्याच दोनचार पट्ट्यांतून सगळा प्रवाह जातो आणि त्या जळतात. दोनतीन सेकंदांत हललं नाही तर पॉवर बंद करा आणि डब्यांचा कुठला ब्रेक लागून राहिलाय ते बघा. दर वेळी कारण तेच निघतं.

तिठा
इंजिनाचं कौतुक पुरे, कामाचं बोलू या. शंटरची दुखापत इंजिनात होत नाही, दोन डब्यांच्या मधे होते.

स्क्रू कपलिंग जोडण्याचा क्रम असा. इंजिन डब्यापासून साधारण दोन मीटर अलीकडे पूर्ण थांबवा. डब्याचा हँडब्रेक किंवा चाकाखालची पाचर तपासा. मग ड्रायव्हरला हळूच पुढे घ्या, बफरला (टोकाच्या धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याला) बफर टेकवा, थोडे दाबले जाऊ द्या आणि थांबवा. आता ड्रायव्हरला सांगायचं की मी मधे जातोय. ड्रायव्हर ब्रेक पूर्ण लावतो, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारी दांडी) मधोमध आणतो आणि उत्तर देतो. उत्तर कानावर आल्याशिवाय आत जायचं नाही. नुसती मान हलवलेली चालत नाही. बफरच्या खालून वाकून आत शिरायचं. बफरच्या चकतीवर किंवा हुकाच्या तोंडावर हात टेकायचा नाही.

आत गेल्यावर आधी कपलिंग हुकात, मग दांडी फिरवून स्क्रू घट्ट, मग व्हॅक्यूम ब्रेकचा होज (लवचिक नळी), शेवटी वाफेच्या हीटिंगचा होज. सोडताना बरोबर उलटा क्रम. प्रवासी डब्यांत बफर एकमेकांना नीट टेकलेले हवेत, सैल राहिले तर प्रत्येक ब्रेकला धक्का बसतो. पण वळणावर जोडत असाल तर जपून: आतल्या बाजूचे बफर दाबलेले आणि बाहेरच्या बाजूला फट, अशी स्थिती असते. तिथे बाहेरची फट बुजेपर्यंत आवळलंत तर सरळ रुळावर आल्यावर कपलिंग इतकं ताठ होतं की सोडताना इंजिनाने पुन्हा दाबावं लागतं. काम झालं की वजनाची दांडी खाली लोंबती ठेवायची, नाहीतर धक्क्यांनी स्क्रू उलगडतो.

वाफेचा होज सोडण्याआधी दोन्हीकडचे कॉक बंद करून आतली वाफ निघू द्या. हातमोजे असले तरी मनगट उघडं असतं.

ठाकुर्ली लोको
आपल्याकडच्या जुन्या आयसीएफ डब्यांचं स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. पण मार्क १ डब्यांमध्ये (ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या प्रमाण डब्यांत) आपल्याकडे नसलेली एक भानगड आहे ना, खाली पडणाऱ्या कपलरची? त्यावर कुणीतरी लिहा.

तिठा
हो, बकआय. मार्क १ डब्याच्या टोकाला हुक आहे आणि त्यावर बकआय कपलर बिजागरीवर बसवलेला. डबा डब्याला जोडताना बकआय वर उचलून पिन घालायची आणि बफर आत ढकलून आखूड करायचे. इंजिनाला जोडताना बकआय खाली सोडायचा, मागचा हुक मोकळा होतो, आणि बफर बाहेर ओढून लांब करायचे. लांब केलेले बफर आत जाऊ नयेत म्हणून दांड्यावर खोगीर चढवायचं. ते अर्धगोल लोखंडी अडसर असतात, प्रत्येक बफरला एक.

चुका तीन प्रकारच्या. बकआय वर केला पण पिन पूर्ण आत गेली नाही: पहिल्या धक्क्याला तो खाली येतो, आणि खाली कुणाचं पाऊल असेल तर बुटाच्या लोखंडी टोपीवर भरवसा ठेवू नका. दुसरी, बफर लांब ठेवून बकआय जोडायचा प्रयत्न: बफर आधी भिडतात, बकआय एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत आणि इंजिन उगाच ठोकत राहतं. तिसरी सर्वांत वाईट: बफर आखूड ठेवून स्क्रू कपलिंग लावलं. डबे नको इतके जवळ येतात, गँगवे (डब्यातून डब्यात जायचे रस्ते) एकमेकांवर चेपतात आणि तीव्र वळणावर बफर एकमेकांत अडकू शकतात. अडकलेले बफर सरळ रुळावर आले की डबा रुळावरून उचलतात.

बकआय उचलताना पाठ वाकवून एकट्याने जोर लावायचा नाही. पाय फाकून, गुडघ्यातून. जमत नसेल तर दुसऱ्याला बोलवा, यात कमीपणा नाही.

बंगला नं. २१
व्हॅक्यूमवर थोडं. इथेच नवे लोक सर्वांत जास्त गोंधळतात. पाइपमधली हवा काढली की ब्रेक सुटतो, हवा शिरली की लागतो.

ब्रिटिश रेल्वेची इंजिनं ब्रेकपाइपमध्ये २१ इंच व्हॅक्यूम तयार करतात (आपल्या हिशेबात ५३ सेंटिमीटर पारा). ग्रेट वेस्टर्न या जुन्या कंपनीची वाफेची इंजिनं मात्र २५ इंच. आता दृश्य असं: ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनाने गाडी आणली, ते सुटून गेलं आणि डबे बाजूच्या लायनीत टाकायला ०८ आलं. डब्यांच्या ब्रेक सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वरच्या बाजूला २५ इंच कोंडलेले आहेत. ०८ खालच्या पाइपमध्ये २१ इंचच करू शकतं. चार इंचांचा फरक उरतो, पिस्टन थोडा वर उचललेला राहतो, ब्रेक घासत राहतात. ड्रायव्हर पॉवर देतो, डबे हलत नाहीत, आणि वर चाकजोडी यांनी सांगितलेला कम्युटेटर जळायला लागतो.

उपाय: डब्यांखालच्या दोऱ्या ओढायच्या. दोरी ओढली की वरच्या बाजूला हवा शिरते, दोन्ही बाजू समान होतात, ब्रेक सुटतो. प्रत्येक सिलिंडरची दोरी वेगळी ओढायची, एकही विसरायची नाही.

पण दोऱ्या ओढायच्या आधी डबे धरून ठेवायची सोय झालेली हवी. कारण सगळ्या दोऱ्या ओढल्यावर त्या रेकला (जोडलेल्या डब्यांच्या रांगेला) ब्रेकच नाही. मार्क १ मधल्या बहुतेक डब्यांना हँडब्रेक नसतो, तो फक्त गार्डची जागा असलेल्या डब्यांना. रेकमध्ये तसा डबा नसेल तर लाकडी पाचरी, उताराच्या बाजूला, दोन्ही रुळांवर. आणि 'व्हॅक्यूम ब्रेक लावून ठेवलाय' या भरवशावर डबे रात्रभर उभे करायचे नाहीत. सिलिंडर हळूहळू गळतात आणि काही तासांत ब्रेक आपोआप सुटतो.

२१ इंच होतच नसतील तर आधी रेकच्या शेवटचा होज पाहा: तो आंधळ्या बोळ्यावर (होजचं तोंड बंद करणाऱ्या बुचावर) नीट बसवलेला नसतो. त्यानंतर होजच्या तोंडातलं रबरी वॉशर, हरवलेलं किंवा चिरलेलं.

वुल्व्हरहॅम्प्टनकर
०८ ची ओढ इतकी आहे तर पाच डबे घेऊन उतारावर जायला काय हरकत? व्हॅक्यूमचा होज न जोडताच शंटिंग करतात असं पाहिलं.

चाकजोडी
ओढायचा प्रश्नच नाही, थांबवायचा आहे. ढोबळ हिशेब करून बघा. पाच मार्क १ डबे साधारण १७० टन, ०८ पन्नास टन, एकूण २२०. १०० त १ उतार म्हणजे २.२ टनांची ओढ सतत खाली. होज जोडलेला नाही, म्हणून ब्रेक फक्त ०८ चे, तेही स्वतःच्या हवेवर. कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाच्या दहा टक्के ब्रेकबल धरलं तर ५ टन. उतार वजा जाता उरले २.८ टन. ताशी ५ मैलांवरून थांबायला अंदाजे २० मीटर, १० मैलांवरून ८० मीटर.

आता दव पडलेलं आहे, रुळावर पानांचा चिखल आहे, ब्रेकबल निम्म्यावर आलं. २.५ मधून २.२ गेले, उरले ०.३ टन. त्याच ५ मैलांवरून थांबायला १८० मीटरपेक्षा जास्त. तुमच्या लायनीच्या शेवटी तेवढी जागा आहे का? आकडे काटेकोर नाहीत, वारा आणि घर्षण धरलेलं नाही, पण फरक किती पडतो ते कळतं. म्हणून प्रत्येक यार्डाच्या सूचनांत लिहिलेलं असतं की होज न जोडता किती डब्यांपर्यंत आणि कोणत्या लायनीत. तो आकडा पाठ करा.

होज जोडला तर ब्रेक लागला आणि सुटला हे शेवटच्या डब्यावर पाहून घ्यायचं. मागच्या टोकाला हवा आत सोडली की ड्रायव्हरच्या डायलचा काटा पडला पाहिजे. नाही पडला तर मधला कुठला तरी होज जोडायचा राहिलाय.

रूळकरी
हातवारे राहिले. दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे म्हणजे थांबा. रात्री पांढरा दिवा सावकाश वर-खाली म्हणजे माझ्यापासून दूर जा, आडवा इकडून तिकडे म्हणजे माझ्याकडे ये. लाल म्हणजे थांबा, आणि कुठल्याही रंगाचा दिवा जोरजोरात हलवला तरी थांबा. हे पाठ असलं तरी आपल्या रेल्वेच्या पुस्तिकेतलं चित्र पाहून घ्या.

सर्वांत महत्त्वाचा नियम हाताचा नाहीच. ड्रायव्हरला शंटर दिसेनासा झाला की थांबायचं. कारण शोधत बसायचं नाही. वॉकीटॉकीवर काम चालू असेल तर शंटर अंतर बोलत राहतो: चार डबे, तीन, दोन, एक, अर्धा. आवाज थांबला की गाडी थांबली पाहिजे. नवे शंटर 'दोन'नंतर गप्प होतात, कारण सांध्याकडे (रूळ जिथे दुसऱ्या लायनीला फुटतात तिकडे) बघत असतात. सांधा आधी बघा, जीभ (सरकणारा रूळ) चिकटलीय का, कुलूप बसलंय का, मगच हालचाल सुरू करा.

मालडब्यांच्या तीन कड्यांच्या कपलिंगला काठी वापरतात, टोकाला हुक असलेली. काठी बफरच्या दांड्यावर टेकवून कडी उचलायची, मधे शिरायचंच नाही. चालत्या डब्यांवर हा प्रकार जुन्या फिल्ममध्ये दिसतो. तसं करायचं नाही. सुटे डबे ढकलून सोडायलाही बहुतेक हेरिटेज रेल्वेवर मनाई आहे.

ठाकुर्ली लोको
छोट्या इंजिनांबद्दल? ०३ वगैरे.

चाकजोडी
०३: गार्डनरचं २०४ अश्वशक्तीचं इंजिन, द्रव कपलिंग, पाच वेगांचा विल्सन गिअरबॉक्स, मग जॅकशाफ्ट आणि कपलिंग रॉड. ३० टनांच्या आसपास. वरचा गिअर टाकताना थ्रॉटल बंद. दिशा बदलायची ती पूर्ण थांबल्यावरच, आणि कधीकधी दात दातावर येऊन क्लच बसत नाही; तेव्हा इंजिन किंचित हलवून पुन्हा. घाईत जोर लावला तर दातांचे कोपरे उडतात. गिअरबॉक्समधले ब्रेकबँड झिजले की एखादा गिअर घसरतो: आवाज चढतो, वेग चढत नाही.

आसांमधलं अंतर फक्त ९ फूट असल्यामुळे ट्रॅक सर्किटवर (रुळांतल्या विजेवरून गाडी कुठे आहे ते सिग्नलला कळवणाऱ्या सोयीवर) ही इंजिनं हमखास नोंदली जातील याचा भरवसा नसे. म्हणून ब्रिटिश रेल्वे ०३ आणि ०४ ला अनेकदा एक रिकामी वॅगन कायमची जोडून ठेवायची. जुन्या फोटोत इंजिनामागे विनाकारण दिसणारी वॅगन ती हीच. सिग्नल कॅबिन असलेल्या हेरिटेज मार्गावर आजही हे लक्षात ठेवावं लागतं.

औद्योगिक शंटरांसाठी लीड्सची मिडलटन रेल्वे पाहा. १७५८ च्या कायद्याने सुरू झालेला मार्ग आणि १९६० पासून स्वयंसेवकांच्या हाती. हन्स्लेट, हडस्वेल क्लार्क, मॅनिंग वॉर्डल यांचे कारखाने आजूबाजूलाच होते.

नेरळकर
वाचून हेवा वाटला. माथेरानच्या गाडीवर असं स्वयंसेवकांचं काम का होत नाही?

रूळकरी
मालकी. १९०७ चा हा दोन फुटी मार्ग मध्य रेल्वे स्वतः चालवते, रोजच्या प्रवाशांसाठी, पगारी कर्मचाऱ्यांवर. ब्रिटनमध्ये उलट: मार्ग बंद पडले किंवा पडायला आले आणि लोकांनी ते चालवायला घेतले. टॅलिलिन १९५१, ब्लूबेल १९६०. आपल्याकडे ती पोकळीच तयार झाली नाही. बाकी, माथेरानचं ७४० क्रमांकाचं ऑरेनस्टाइन अँड कॉपेलचं वाफेचं इंजिन इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या दोन फुटी मार्गावर आहे, आणि तिथे त्याला तेल घालणारे स्वयंसेवकच आहेत.

पाहुणा_पुणे
उन्हाळ्यात मुलीकडे पर्यटक व्हिसावर येणार आहे. तिथे असताना काम करता येईल?

बंगला नं. २१
पर्यटक व्हिसावर एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच. मेख इथे आहे: अनेक हेरिटेज रेल्वेंत गाड्या चालवणारी कंपनी वेगळी आणि धर्मादाय ट्रस्ट वेगळा असतो. तुमचं काम कोणाच्या नावावर धरलं जाईल ते लेखी विचारून घ्या. आणि एवढ्या दिवसांत शंटरची परीक्षा होणार नाही. डब्यांची रंगरंगोटी, लाकूडकाम, रुळाकडेची झुडपं तोडणं ही कामं मिळतील. लाकूडकाम येत असेल तर आधी तेच सांगा. मार्क १ च्या आधीच्या लाकडी डब्यांना सुतार कायम कमी पडतात.

वुल्व्हरहॅम्प्टनकर
सर्वांचे आभार. शेवटचं: स्वतःचं काय विकत घ्यावं लागेल?

तिठा
घोट्याच्या वर येणारे, लोखंडी टोपीचे बूट, नाडी आत खोचता येईल असे. चामड्याचे हातमोजे, रबराचे नकोत, तेलकट दांडीवर घसरतात आणि वाफेच्या पाइपला चिकटतात. नारिंगी जाकीट रेल्वे देते. पिवळं घेऊन जाऊ नका, रुळांवर नारिंगीच चालतं. तीन रंगांचा हातदिवा पास झाल्यावर मिळतो, तोवर साधी डोक्याची बॅटरी डब्याखालची दोरी शोधायला पुरते, पण ती ड्रायव्हरच्या दिशेने वळवायची नाही. अंगठी घरी ठेवा.